पंचवीस हजारांच्या आतला टीव्ही : पैसे पॅनेलला द्यायचे

स्वस्त टीव्ही निवडताना हातात पहिल्यांदा मोजपट्टी घ्यायची, मोबाइल नंतर. बसायच्या जागी डोळे जिथे येतात तिथपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजायचं. वन बीएचकेच्या हॉलमध्ये ते बहुतेक वेळा सात ते नऊ फूट भरतं. आता ४३ इंची पडदा घ्या. त्याची रुंदी ९५ सेंटिमीटर, उंची साडेत्रेपन्न. फुल एचडीत त्यावरचा एक बिंदू साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि चांगल्या नजरेलाही तो १.७ मीटरच्या, म्हणजे साडेपाच फुटांच्या पलीकडून सुटा दिसत नाही. मग आठ फुटांवर बसणाऱ्या घरात ४३ इंचांवर ‘४के’साठी जास्तीचे पैसे मोजून नजरेला काहीच जास्त मिळत नाही. ५५ इंचांत हेच अंतर सव्वासात फुटांच्या आसपास येतं. त्याहून जवळ बसलं तर ४केला थोडा अर्थ येतो. ३२ इंचांत एचडी रेडी पडद्याचे बिंदू सहा फुटांपलीकडे जाणवत नाहीत, त्यामुळे झोपायच्या खोलीतल्या छोट्या टीव्हीला फुल एचडी नसलं तरी फारसं अडत नाही.

अडचण अशी, की ४३ इंचांत फुल एचडीची मॉडेलं आता मोजकीच मिळतात आणि त्यातली बरीच सर्वांत खालच्या दर्जाची असतात. त्यामुळे शेवटी घरात ४केच येतो. येऊ दे. फक्त दोन टीव्हींची तुलना करताना ४के हा शब्द तराजूत घालायचा नाही. तो दोन्ही पारड्यांत आहे.

दुसरं काम, घरात चित्र येतं कुठून ते बघायचं. साध्या एसडी चॅनेलचं चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचं असतं. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०. भागाकार करून पाहिला तर बरोबर वीस पट होतात. म्हणजे आलेल्या प्रत्येक बिंदूमागे एकोणीस बिंदू टीव्ही स्वतःच्या अंदाजाने भरतो. डीडी फ्री डिशवर बहुतेक चॅनेल एसडीच आहेत, आणि असं चित्र मोठ्या ४के पडद्यावर मऊ, पुसट आणि कडांना किडलेलं दिसतं. टीव्ही नवा, महाग आणि चित्र जुन्या टीव्हीपेक्षा वाईट, ही तक्रार इथूनच येते. त्यात टीव्हीचा दोष नसतो. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांची एचडी चॅनेल आहेत. मालिका रोज बघणाऱ्या घरात टीव्हीवर पाच हजार वाढवण्याआधी एचडी पॅक घेतला तर फरक जास्त दिसतो.

त्याहून स्वस्त सुधारणा बॉक्सच्या मागे असते. पुष्कळ घरांत एचडी सेट टॉप बॉक्स असतो, पण तो टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडलेला असतो. त्या वायरीतून एचडी जातच नाही. दोन-तीनशे रुपयांची एचडीएमआय केबल लावायची, मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट १०८० करायचं, कारण कित्येक बॉक्स ७२० किंवा ५७६ वर ठेवलेले असतात. जुन्या टीव्हीला एचडीएमआय असेल तर आधी हे करून बघावं. कधीकधी नवा टीव्ही घ्यायची निकडच राहत नाही.

आता खरा विषय. एलसीडी पडदा, म्हणजेच पॅनेल, स्वतः उजेड देत नाही. मागे पांढऱ्या एलईडींच्या पट्ट्या, म्हणजे बॅकलाइट, जळत असतात आणि पुढे द्रवस्फटिकांची झडप उघडझाप करते. ही झडप पूर्ण बंद होत नाही, थोडा उजेड गळतोच. किती गळतो यावर काळा रंग काळा दिसणार की राखाडी, हे ठरतं. स्वस्त टीव्हीत झडपा दोन जातींच्या येतात, आयपीएस आणि व्हीए. आयपीएसमध्ये पांढऱ्याच्या साधारण हजाराव्या भागाइतका उजेड गळतो, व्हीएमध्ये तीन हजाराव्या ते पाच हजाराव्या भागाइतका. पांढरा २५० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) धरला तर आयपीएसचा काळा पाव निट्सचा झाला, व्हीएचा त्याच्या चौथ्या हिश्श्याचा. दिवसा खिडकी उघडी असताना हा फरक कळतही नाही. रात्री दिवे घालवून सिनेमा लावला, की आयपीएसवर रात्रीचं आकाश धुक्यासारखं दिसतं आणि पडद्याच्या वर-खालच्या काळ्या पट्ट्या उजळलेल्या दिसतात.

मग सगळ्यांनी व्हीएच घ्यावा का? नाही. व्हीए समोरून सुंदर दिसतो, पण तीसेक अंशांनी बाजूला सरकलं की रंग फिके पडायला लागतात आणि चेहरे पांढुरके होतात. लांबट हॉल, दोन्ही भिंतींना दिवाण, स्वयंपाकघराच्या दारातून तिरकं बघणारं कोणीतरी, अशी बैठक असेल तर आयपीएस बरा. दोन-तीन माणसं समोरासमोर बसून रात्री बघणार असतील तर व्हीए. आमचं मत विचाराल तर ४३ ते ५५ इंचांत, किमतीत हजार-दोन हजारांचा फरक असेल, तर तो व्हीएच्या बाजूने मोजावा. अंधारातलं चित्र सुधारायला दुसरा स्वस्त उपाय नाही.

पंचाईत ही, की खोक्यावर व्हीए किंवा आयपीएस लिहिलेलं क्वचित सापडतं. ‘१७८ अंश व्ह्यूइंग अँगल’ दोन्हींवर छापतात, त्याचा उपयोग नाही. कधीकधी ‘कॉन्ट्रास्ट रेशो’चा आकडा दिलेला असतो. १०००:१ किंवा १२००:१ असेल तर आयपीएस समजावा, ३०००:१ च्या वर असेल तर व्हीए. लाखांत आणि कोटींत दिलेला ‘डायनॅमिक’ आकडा सोडून द्यायचा. आणखी एक गोष्ट माहीत असावी. द्रवस्फटिकांची काच, म्हणजे धंद्यातल्या भाषेत ओपन सेल, बहुतांश परदेशातून येते आणि टीव्ही इथे जुळवला जातो. डिक्सनसारखे उत्पादक एकाच वेळी अनेक ब्रँडसाठी टीव्ही जुळवतात. त्यामुळे एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या लॉटमध्ये वेगळं पॅनेल निघू शकतं. दोन वर्षांपूर्वीच्या परीक्षणात कौतुक झालेलं पॅनेल आज तुमच्या खोक्यात असेलच असं नाही. म्हणून डोळ्यांनी बघणं टाळता येत नाही.

बाकीच्या बिल्ल्यांबद्दल थोडक्यात. क्यूएलईडी म्हणजे बॅकलाइटच्या पुढे क्वांटम डॉटचा थर. त्याने लाल-हिरवा अधिक गडद होतो, हे खरं. पण काळा रंग सुधारत नाही आणि उजेडही आपोआप वाढत नाही. ओएलईडीशी, म्हणजे प्रत्येक बिंदू स्वतः उजेड देणाऱ्या महाग पडद्याशी, त्याचा संबंध फक्त अक्षरांपुरता. एचडीआर म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त ठेवून बनवलेलं चित्र. एचडीआर १० किंवा डॉल्बी व्हिजन लिहिलेलं असणं म्हणजे तो सिग्नल टीव्हीला वाचता येतो एवढंच. एचडीआर सिनेमे बहुधा हजार निट्सच्या हिशेबाने रंगवलेले असतात आणि या किमतीतले पडदे २०० ते ३०० निट्सवर दमतात. परिणामी एचडीआर लावल्यावर चित्र उलट काळवंडतं. ‘मोशन रेट १२०’, ‘२४०’ असे आकडे दिसले तरी पडदा बहुतेक वेळा ६० हर्ट्झचाच, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाराच, असतो. या सगळ्यांत क्यूएलईडीला दीड-दोन हजार जास्त मोजणं समजण्यासारखं आहे, तेही व्हीए पॅनेल असेल तर. एचडीआर आणि मोशनच्या नावाने एक रुपयाही वाढवू नये.

स्मार्टपणाचंही असंच. रॅम एक जीबी असली की दोन वर्षांत ॲप अडखळायला लागतात. पण ॲप चालवणारी तीन-पाच हजारांची स्टिक टीव्हीमागे एचडीएमआयमध्ये खोचली की तो प्रश्न सुटतो. पॅनेल मात्र बदलता येत नाही. ते फुटलं किंवा बिघडलं तर दुरुस्तीचा आकडा नव्या टीव्हीच्या जवळ जातो. म्हणून बजेट ताणलेलं असेल तेव्हा कमी रॅमचा पण चांगल्या पॅनेलचा टीव्ही घ्यावा, उलटं करू नये. एकच खबरदारी घ्यावी. अगदी स्वस्त, गूगलचं प्रमाणपत्र नसलेल्या अँड्रॉइड टीव्हीत नेटफ्लिक्स, प्राइम अशी ॲप चालत नाहीत किंवा एसडीतच चालतात, कारण वाइडव्हाइन एल१, म्हणजे संरक्षित व्हिडिओ एचडीत दाखवायची परवानगी, नसते. तिथे स्टिकची किंमत पहिल्याच दिवशी धरून ठेवायची.

किमतीचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ३२ इंच आणि त्याहून लहान टीव्ही आधीपासूनच १८ टक्क्यांत होते. कराआधी २०,००० चा टीव्ही पूर्वी २५,६०० ला पडायचा, तो आता २३,६०० ला पडतो. ३२ आणि ४३ मधलं जे अंतर करामुळे होतं ते गेलं, आणि ४३ चा पडदा क्षेत्रफळाने ३२ च्या एक पूर्णांक आठ दशांश पट असतो. हॉलसाठी ३२ घेण्यात आता फारसा फायदा उरलेला नाही. बाजार ढोबळमानाने असा : ३२ इंची आठ ते तेरा हजार, ४३ इंची ४के अठरा ते अठ्ठावीस हजार, ५५ इंची तीस हजारांच्या पुढे. अठरा आणि अठ्ठावीसच्या मधल्या दहा हजारांत चित्राचा वाटा किती आणि नाव, रिमोट, सेवाकेंद्र यांचा किती, हे दुकानात उभं राहूनच कळतं.

त्यासाठी पेन ड्राइव्ह तयार ठेवावा. एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केला की जवळपास प्रत्येक टीव्ही तो वाचतो, मात्र एक फाइल ४ जीबीच्या आत हवी. त्यात १९२० गुणिले १०८० मापाची पाच चित्रं घालायची. पहिलं पूर्ण काळं, कोपऱ्यात बारीक पांढरी अक्षरं. दुसरं मधल्या राखाडीचं, म्हणजे ० ते २५५ च्या मोजणीत लाल-हिरवा-निळा तिन्ही १२८. तिसरं अगदी गडद राखाडीचं, तिन्ही १३. चौथं डावीकडून उजवीकडे काळ्यातून पांढऱ्यात सरकणारं. पाचवं काळ्यावर लाल आणि निळ्या रंगातल्या बारीक मजकुराचं. सोबत दोन व्हिडिओ. एक घरातल्या माणसाच्या चेहऱ्याचा, खिडकीच्या उजेडात मोबाइलवर ४केमध्ये काढलेला. त्वचेचा रंग टीव्ही बिघडवतो की राखतो, हे ओळखीच्या चेहऱ्यावर लगेच कळतं, अनोळखी नटीच्या चेहऱ्यावर नाही. दुसरा मैदानाचा किंवा मोठ्या भिंतीचा, कॅमेरा हळूहळू आडवा फिरवत घेतलेला. टीव्हीचं फोटो दाखवणारं ॲप बहुतेक वेळा १०८० मध्येच चित्र काढतं, त्यामुळे ४केचा बारीकपणा तपासायचा तर व्हिडिओवरच तपासावा, फोटोवर नाही.

दुकानात सगळे टीव्ही दुकानाच्या मोडमध्ये, म्हणजे व्हिव्हिडवर आणि पूर्ण उजेडावर लावलेले असतात. वर ट्यूबलाइटचा झगमगाट असतो आणि समोर ४केचा डेमो फिरत असतो. त्या अवस्थेत निळसर, भडक टीव्ही नेहमी जिंकतो. सेल्समनला सरळ सांगायचं, सिनेमा किंवा मूव्ही मोड लावा. बहुतेक जण लावतात. शेजारच्या टीव्हीलाही तोच मोड लावायचा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

मग पहिलं काळं चित्र. दुकानाच्या उजेडात कुठलाही काळा काळाच दिसतो, म्हणून पडद्याजवळ जाऊन डोळ्यांभोवती दोन्ही हातांचा आडोसा करायचा, ट्रेनच्या काचेतून रात्री बाहेर बघतो तसा. दहा सेकंद थांबलं की डोळा स्थिरावतो आणि गळणारा उजेड दिसायला लागतो. कोपऱ्यांत पिवळट ढग दिसले तर चौकटीचा दाब किंवा कडेच्या एलईडींची गळती समजावी. मग राखाडी चित्र लावून दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे. राखाडी चित्र फिकट पडलं तर व्हीए, जवळपास तसंच राहिलं तर आयपीएस.

मधल्या राखाडीवर मळकट पट्टे, उभ्या सावल्या, डाग शोधायचे. थोडेफार प्रत्येक पॅनेलला असतात. पण बघायला क्रिकेट असेल तर इथे कडक राहावं, कारण चेंडू सीमारेषेकडे जातो आणि कॅमेरा हिरव्या मैदानावरून फिरतो तेव्हा हेच पट्टे पडद्यावर स्थिर राहतात आणि चित्र त्यांच्यामागून सरकतं. एकदा दिसले की दिसायचे थांबत नाहीत. मैदानाचा व्हिडिओ त्यासाठीच आहे. चौथ्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा प्रवास गुळगुळीत हवा. पायऱ्या दिसल्या तर सूर्यास्त आणि धुराच्या दृश्यांत त्या पुन्हा दिसतील. लाल-निळी अक्षरं कडेला फुटलेली दिसली तरी फक्त सिनेमे आणि मालिका बघणाऱ्याने ते मनावर घेऊ नये. लॅपटॉप जोडून काम करणाऱ्याने घ्यावं.

ऑनलाइन घेतला तर हीच तपासणी घरी, परत करायची मुदत संपायच्या आत करायची. खोकं उघडण्यापासूनचं चित्रीकरण करायचं. पडद्याला मध्ये हात लावून उचलायचा नाही, दोघांनी दोन कडांना धरायचा. आडवा झोपवायचा नाही, टेम्पोत तर नाहीच. जुळवायला माणूस येतो तो स्टँड किंवा भिंतीचा कंस लावून, ॲप उघडून दाखवून जातो. चित्राला तो हात लावत नाही, तेव्हा ते आपलं काम.

सेटिंग करायला अर्धा तास पुरतो, आणि माझ्या मते स्वस्त टीव्हीत सर्वांत जास्त फळ याच अर्ध्या तासाचं मिळतं. चित्राचा मोड सिनेमा, मूव्ही किंवा फिल्ममेकर. रंगाचं तापमान ‘वॉर्म’. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, कारण डोळ्याला निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते. तिसऱ्या दिवशी जुनाच मोड निळा वाटतो. शार्पनेस खाली आणायचा. काही टीव्हींत शून्य म्हणजे तटस्थ, काहींत शून्यावर चित्र मुद्दाम पुसट होतं. अक्षरांच्या कडेची पांढरी रेघ जिथे नाहीशी होते तिथे थांबायचं. नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको हे सगळं बंद. एसडी चॅनेलच बघायचे असतील तर नॉइज रिडक्शन ‘लो’वर चालेल.

ब्राइटनेस आणि बॅकलाइट यांत गल्लत होते. जुन्या पद्धतीच्या मेनूत ‘ब्राइटनेस’ काळ्याची पातळी ठरवतं आणि ‘बॅकलाइट’ दिव्यांचा उजेड. तेरा नंबरची राखाडी काळ्याहून जेमतेम वेगळी दिसेल तिथे ब्राइटनेस सोडायचा, नंतर त्याला हात लावायचा नाही. दिवसा-रात्री बदलायचा तो बॅकलाइट. रात्री ४० ते ५०, दिवसा ७०-८०. कायम १०० वर ठेवू नये. स्वस्त टीव्ही मरतो तो बहुधा याच दिव्यांमुळे. त्याबद्दल पुढे.

सेट टॉप बॉक्सच्या इनपुटवर ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडायचं, नाहीतर टीव्ही कडेचा थोडा भाग कापून उरलेलं ताणतो. एचडीचा नेमकेपणा तिथेच जातो. जुन्या ४:३ कार्यक्रमांना ताणू नये, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. बॉक्स किंवा स्टिकचं चित्र अचानक धुरकट किंवा काळ्यात बुडालेलं दिसलं तर एचडीएमआयची ‘रेंज’ तपासायची. एका बाजूला फुल आणि दुसरीकडे लिमिटेड असलं की असं होतं.

क्रिकेटमधला धक्काही बहुधा सेटिंगचाच असतो. आपल्याकडचं प्रसारण सेकंदाला ५० च्या हिशेबाचं, पण स्टिक ६० वर अडकलेली असते. मग दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दाखवलं जातं आणि सेकंदाला दहा बारीक हिसके बसतात. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेट जुळवायचा पर्याय असतो, तो चालू करायचा. एचडीआरमुळे चित्र काळवंडत असेल तर तिथेच डायनॅमिक रेंज एसडीआर, म्हणजे साधी, करून टाकायची. त्यात कमीपणा नाही, या पडद्यांवर एसडीआरच जास्त खुलतं. यूट्यूबवर खरंच ४के येतंय का, हे ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’मध्ये दिसतं. नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएसचा वेग सांगतं. फक्त २.४ गिगाहर्ट्झ वाय-फाय असलेला टीव्ही गजबजलेल्या इमारतीत तिथे कमी पडतो, तेव्हा लॅन केबल टाकावी. १०० एमबीपीएसचं पोर्ट पुरेसं आहे.

आता दिवे. या किमतीत पडद्यामागे एलईडींच्या दोन-चार पट्ट्या असतात, आणि पट्टीतले एलईडी एकामागोमाग एक साखळीत जोडलेले असतात. एक जळाला की साखळी तुटते आणि टीव्ही अंधारतो. आवाज चालू, चित्र गायब. अशा वेळी खोलीत अंधार करून मोबाइलची टॉर्च पडद्यावर तिरकी धरायची. फिकट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, गेले आहेत ते दिवे. पट्ट्या बदलता येतात, मात्र त्यासाठी काच सोडवावी लागते, त्यामुळे हात बसलेला कारागीर हवा. बदलताना सगळ्या पट्ट्या एकदम बदलाव्यात, एकच बदलली तर उरलेल्या त्याच वयाच्या असतात. पडद्यावर गोल पांढरे ठिपके दिसले तर एलईडीवरची भिंगाची टोपी गळाली आहे. हेही दुरुस्त होतं. चित्र जांभळट-निळं झालं तर एलईडीवरचा पिवळा थर उष्णतेने उतरला आहे. उभ्या रेषा आल्या तर मात्र बहुधा काचेच्या कडेचे जोड सुटलेले असतात, त्यावर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करावा.

म्हणून खरेदीच्या वेळी वॉरंटीबद्दल एकच प्रश्न लेखी विचारावा : पॅनेलच्या वाढीव वर्षात बॅकलाइट धरला आहे का? काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी नाही. बिलावर सिरियल नंबर असल्याची खात्री करावी.

स्टॅबिलायझरवर खर्च नको. आजच्या टीव्हीचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतो. भीती असते ती आकाशातल्या विजेची. वळवाच्या पावसात ढग गडगडायला लागले की प्लग काढायचा, आणि त्यासोबत बॉक्समागची डिशची वायर आणि लॅन केबलही. नुसता प्लग काढून वायर तशीच ठेवली तर वीज त्या वायरीतून बॉक्समध्ये आणि बॉक्समधून एचडीएमआयच्या वाटेने टीव्हीच्या मेनबोर्डात उतरते. पडदा पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड, डाग असेल तर कापडावर पाण्याचे दोन थेंब. काचा पुसायचा फवारा नको, आणि थेट पडद्यावर तर काहीच मारायचं नाही. तो थेंब खालच्या कडेला ओघळतो आणि तिथेच काचेचे जोड असतात.